पॉप आणि आयमॅप: कॉम्प्युटर बदलण्याआधी मेल कुठे आहे ते बघा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतले बरेच जण कॉम्प्युटर बदलत आहेत. फोन येतो तो एकच विचारायला: "मेल वाचायला नव्या मशीनवर आउटलुक टाकू की थंडरबर्ड?" मी उलट विचारतो, "अकाउंट पॉपवर आहे की आयमॅपवर?" म्हणजे प्रोग्राम मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, सर्व्हरवरून, कोणत्या पद्धतीने मेल आणतो? त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "ते काही माहीत नाही, पण मेल सगळे ऑनलाइनच असतात ना." या एका समजुतीपायी लोकांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेलेला मी पाहिला आहे. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

आयमॅप तुम्ही रोज वापरता, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. फोनवर वाचलेला मेल लॅपटॉपवरही वाचलेला दिसतो, इथे केलेला फोल्डर तिथे दिसतो. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ही पद्धत आखली ती त्यासाठीच. पॉप त्याच्या दोन वर्षं आधीचं. त्याचं काम फक्त इतकंच: सर्व्हरवरच्या इनबॉक्समधले मेल खाली उतरवून घ्यायचे. फोल्डर ही गोष्ट त्याला ठाऊकच नाही. सेटिंगमधले पोर्टचे आकडे दोन्हींचे वेगळे असतात, पण ते प्रोग्राम आपले आपण भरतो. त्यात डोकं घालू नका.

डोकं घालायचं ते मूळ प्रत कुणाकडे आहे यात. आयमॅपमध्ये पैसे बँकेत आणि तुमच्या हातात पासबुक. पॉपमध्ये पैसे काढून आणून घरच्या कपाटात ठेवलेले. घर बदलताना पासबुक हरवलं तर दुसरं मिळतं. कपाट मात्र उघडून बघावंच लागतं.

सांगलीत माझ्या मित्राचा छापखाना आहे. अकाउंट पॉपवर, जुनं मशीन आठ वर्षांचं. नवं आल्यावर दुकानदाराने 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' उतरवून दिलं आणि जुनी डिस्क फॉरमॅट केली. मित्राने थंडरबर्ड टाकून पासवर्ड घातला, तर इनबॉक्समध्ये फक्त गेल्या दोन आठवड्यांचे मेल. 'सेंट' तर पूर्ण रिकामं. गिऱ्हाइकांना पाठवलेली कोटेशनं, 'प्रूफ मंजूर, छापा' असं कळवणारे मेल, सगळं त्या फॉरमॅट झालेल्या डिस्कवर होतं.

दोनच आठवडे का? आउटलुक आणि थंडरबर्ड या दोन्हींत पॉप अकाउंटला 'सर्व्हरवर प्रत ठेवा' असं सेटिंग असतं आणि त्याच्याशेजारी १४ दिवस हा आकडा आधीच भरलेला असतो. पंधराव्या दिवशी सर्व्हरवरचा मेल पुसला जातो. आणि 'सेंट' रिकामं का? कारण पाठवलेल्या मेलची प्रत पॉप सर्व्हरवर ठेवतच नाही. ती ज्या मशीनवरून पाठवली तिथेच राहते. वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून, जाऊन इनबॉक्स पाहिला आणि 'सगळं आहे' म्हणून समाधान मानलं, असं करणाऱ्यांनी 'सेंट'ही उघडून पाहावं.

मग आयमॅपवाले सुरक्षित? इथे दुसरा घोळ आहे आणि तो शिकलेल्या माणसांचाही होतो. आयमॅप अकाउंटचे मेल तुमच्या डिस्कवरही असतात, म्हणून लोक त्यालाच बॅकअप समजतात. ती प्रत सर्व्हरचा आरसा आहे. जागा कमी पडते म्हणून फोनवरून जुने मेल उडवले की लॅपटॉपवरूनही उडतात. सर्वांत वाईट प्रसंग होस्टिंग, म्हणजे मेल सांभाळणारी कंपनी, बदलताना येतो. मेल ॲड्रेस तोच, सर्व्हरचं नावही तेच, पण आता त्या नावामागे नव्या कंपनीचा कोरा मेलबॉक्स. तुमचा प्रोग्राम सकाळी नेहमीप्रमाणे जोडला जातो, समोर शून्य मेल बघतो आणि डिस्कवरची प्रतही त्याला जुळवून रिकामी करतो. त्यात त्याची चूक नाही, सर्व्हरवर जे असेल ते दाखवणं हेच त्याचं काम. होस्टिंग बदलणार असाल तर आधी सगळे मेल लोकल फोल्डरमध्ये, म्हणजे फक्त तुमच्या डिस्कवर असणाऱ्या फोल्डरमध्ये, कॉपी करा. 'मूव्ह' करू नका, कॉपी करा.

आउटलुकमध्ये हाच फरक फाइलच्या नावावर दिसतो. पॉप अकाउंटची फाइल पीएसटी. ती उचलून दुसऱ्या मशीनवर उघडता येते. आउटलुक २०१३ पासून आयमॅप अकाउंटची फाइल ओएसटी. ती त्या मशीनवरच्या आउटलुकच्या त्या मांडणीपुरतीच (प्रोफाइलपुरतीच) असते, नव्या मशीनवर नेऊन उघडत नाही. पेन ड्राइव्हवर ओएसटी जपून ठेवणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात आणि त्यांना हे सांगताना खरंच वाईट वाटतं. आयमॅपवर असाल तर आउटलुकच्या एक्सपोर्टमधून पीएसटी तयार करा. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरवर 'फक्त या कॉम्प्युटरवर' असं लिहिलेलं दिसलं तर तेही त्यात घ्या, कारण ते सर्व्हरवर नसतात.

आता प्रोग्रामचं. ऑफिसचं कॅलेंडर आणि मीटिंग मायक्रोसॉफ्टवर असतील तर आउटलुक घ्या. बाकी सगळ्यांना मी थंडरबर्डच सांगतो. त्याचे मेल एमबॉक्स फाइलमध्ये असतात, म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडला तरी साधे इंग्रजी मेल बहुधा वाचता येतात. दहा वर्षांनी थंडरबर्ड नसलं तरी दुसरं काहीतरी ती फाइल उघडेल. नव्या आउटलुकमध्ये जीमेलसारखं बाहेरचं अकाउंट जोडलं की त्याची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते, ते मला अजिबात पसंत नाही. विंडोजचं जुनं 'मेल' ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं, त्याचा विचारच सोडा.

थंडरबर्डमध्ये मदतीच्या मेनूतून ट्रबलशूटिंगच्या पानावर जा आणि तिथून प्रोफाइल फोल्डर उघडा, तुमचे मेल आणि सेटिंग त्यातच राहतात. आत 'मेल' नावाचा फोल्डर पॉपचा आणि लोकल फोल्डरचा, 'आयमॅपमेल' आयमॅपचा. 'मेल'च्या आत तुमच्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये इनबॉक्स नावाच्या दोन फाइल दिसतील. एकीला एक्स्टेन्शन (नावातलं टिंबानंतरचं शेपूट) नाही आणि ती कित्येक जीबींची असू शकते. दुसरी एमएसएफ, अगदी लहान. लोक नेमकी ती लहान उचलतात, कारण तीच फाइलसारखी दिसते. ती नुसती अनुक्रमणिका आहे, पुसली तरी थंडरबर्ड पुन्हा बनवतो. मेल त्या बिनएक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये आहेत. निवडत बसू नका. थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्खा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या.

जीमेल फक्त ब्राउझरमध्ये वापरणाऱ्यांनी गूगल टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून देणाऱ्या गूगलच्या सेवेतून, मेल मागवावेत. तेही एमबॉक्समध्येच येतात.

नव्या मशीनवर सगळं बसलं की 'सेंट' उघडा, तारखेनुसार उलटं लावा आणि सर्वांत जुना, अटॅचमेंट असलेला मेल शोधा. अटॅचमेंट उघडली तरच जुनी डिस्क फॉरमॅटला द्या.