टेबलाभोवतीचा वर्ग: अभिजात साहित्यावरची चर्चा विद्यार्थ्यांच्या हाती कशी आली

अभिजात कलाकृती वर्गात वाचायची आणि तिच्यावरची चर्चा विद्यार्थ्यांनीच चालवायची, या पद्धतीला आज अनेक शाळांमध्ये 'सॉक्रेटिक सेमिनार' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण वंशावळ चुकीची लावतं. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमितीचा एक प्रश्न घालतो. दोन फूट बाजूचा चौरस आहे, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा. मुलगा आधी म्हणतो, बाजू चार फूट घ्या. ते चुकतं. मग म्हणतो, तीन. तेही चुकतं. शेवटी कर्णावर काढलेला चौरस हे उत्तर निघतं. पण या सगळ्यात प्रश्न एकटा सॉक्रेटिस विचारतो, आणि मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा 'हो' म्हणणंच येतं. उत्तर कुठे आहे हे विचारणाऱ्याला सुरुवातीपासून ठाऊक आहे. अध्यापन म्हणून हा प्रसंग अप्रतिम आहे, पण त्यात चर्चेचा लगाम मुलाच्या हाती एकदाही येत नाही.

वाद घालत शिकण्याची परंपरा जुनीच. प्राचीन भारतीय न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काच्या परंपरेने, चर्चेचे तीन प्रकार पाडले: तत्त्व समजावं म्हणून केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडून काढणारी वितंडा. (कोणत्याही वर्गात अर्धा तास बसून ऐकलं तर तिन्ही भेटतात. ही वर्गवारी शिक्षकांनी आजही जवळ बाळगावी.) युरोपात 12व्या शतकात आबेलार्ड या तत्त्वज्ञाने 158 प्रश्नांवरची धर्माचार्यांची परस्परविरोधी वचनं शेजारी-शेजारी मांडली आणि निवाडा वाचकावर सोडला. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात ग्रंथपाठाच्या जोडीने जाहीर वाद हा अभ्यासाचाच भाग झाला. तरुण पदवीधर आक्षेपांना तोंड देत, पण अखेरचा निर्णय गुरूचा असे. आणि वाद व्हायचे ते सिद्धांतांवर. नाटकातलं एखादं पात्र असं का वागलं, या प्रश्नावर गुरू निर्णय देऊ शकत नाही, हा पेच त्या परंपरेपुढे आलाच नव्हता.

जर्मन विद्यापीठांनी 18व्या-19व्या शतकांत सेमिनारची पद्धत घडवली. 1787 मध्ये हाले या जर्मन शहरात वोल्फ या प्राध्यापकाने सुरू केलेल्या सेमिनारमध्ये विद्यार्थी स्वतः ग्रीक-लॅटिन संहितांवर काम करत आणि एकमेकांपुढे मांडत. पण तिथून तज्ज्ञ घडवायचे होते. ज्याला तज्ज्ञ व्हायचंच नाही अशा विद्यार्थ्याने होमरसारखा प्राचीन ग्रीक महाकवी का वाचावा, हे त्या व्यवस्थेला कुणी विचारलं नाही.

ते विचारलं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन अर्स्किन या इंग्रजीच्या प्राध्यापकाने. आजच्या पद्धतीचा खरा पूर्वज शोधायचा तर त्याच्यापाशी थांबावं लागतं. त्याची योजना साधी होती: दर आठवड्याला एक मोठं पुस्तक, संध्याकाळी दोन तास, गोल बसून चर्चा. सहकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. होमर आठवड्यात वाचून होतो का? मूळ भाषा न येता भाषांतरावर बोलायचं? पार्श्वभूमीच ठाऊक नसेल तर मुलं काय बोलणार? अर्स्किनचं म्हणणं असं की ही पुस्तकं प्राध्यापकांसाठी लिहिलेली नव्हती, सामान्य वाचकांसाठी लिहिलेली होती, तेव्हा ती कालपरवा छापून आलेल्या पुस्तकासारखी सरळ वाचावीत. पहिल्या महायुद्धामुळे योजना रखडली आणि 1920 मध्ये 'जनरल ऑनर्स' या नावाने अभ्यासक्रम सुरू झाला.

त्यातली एक युक्ती मला सगळ्यात हुशारीची वाटते. प्रत्येक गटाला शिक्षक दोन, आणि शक्यतो एकमेकांशी न पटणारे. वर्गात एकच जाणकार असला की मुलं त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतात. दोन जाणकार आपसांत भांडायला लागले की मुलांना कळतं, इथे ठरलेलं उत्तर नाही. मग ती पुस्तकाकडे वळतात.

या वर्गाचा विद्यार्थी आणि पुढे शिक्षक झालेला मॉर्टिमर ॲडलर हा माणूस नंतरची साठ वर्षं या कथेत पुन्हा पुन्हा येतो. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने आणि स्कॉट ब्यूकॅनन यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रौढांसाठी असे गट चालवले, तेही विद्यापीठाबाहेर. 1929 मध्ये रॉबर्ट हचिन्स तिशीतच शिकागो विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, त्याने ॲडलरला बोलावून घेतलं, आणि दोघे मिळून पहिल्या वर्षाच्या मुलांचा सेमिनार घेऊ लागले. अध्यक्ष स्वतः वर्ग घेतो याचीच चर्चा जास्त झाली असणार. ब्यूकॅनन आणि स्ट्रिंगफेलो बार यांनी 1937 मध्ये ॲनापोलिसचं डबघाईला आलेलं सेंट जॉन्स कॉलेज हाती घेतलं आणि अख्खं कॉलेजच या पद्धतीवर उभं केलं. तिथे शिक्षकाला प्राध्यापक म्हणत नाहीत, 'ट्यूटर' म्हणतात. सोमवारी आणि गुरुवारी रात्री सेमिनार भरतो, टेबलाशी साधारण वीस विद्यार्थी आणि दोन ट्यूटर. एक ट्यूटर सुरुवातीला एक प्रश्न टाकतो. त्यानंतर हात वर करणं नाही, पाळी नाही. विद्यार्थी आणि ट्यूटर एकमेकांना आडनावानेच, 'मिस्टर', 'मिस' लावून हाक मारतात. अठरा वर्षांच्या मुलांना हे आधी नाटकी वाटतं, पण मतभेद झाला तरी भाषा घसरत नाही, हा त्याचा फायदा.

1947 मध्ये शिकागोत 'ग्रेट बुक्स फाउंडेशन' स्थापन झालं आणि पद्धतीला नियमांची चौकट मिळाली: ज्याने वाचलंय त्यानेच बोलायचं, बोलणं संहितेला धरून असायचं, आणि चर्चा चालवणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायची नाहीत. चालवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले सामान्य वाचक होते. तज्ज्ञाखेरीज चर्चा उभी राहते हे इथे सिद्ध झालं. विद्यार्थ्याने ती चालवावी इथवर पोचायला मग एकच पायरी उरली.

ती पायरी शाळेत आधीच बांधली गेली होती, आणि तिच्यामागे तेलाचा पैसा होता. एडवर्ड हार्कनेस हा स्टँडर्ड ऑइलच्या संपत्तीचा वारस. 1930 मध्ये त्याने न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झिटर अकादमीला 58 लाख डॉलर देऊ केले, अट एकच: शिकवण्याची रीत मुळापासून बदला. रांगेत बसून पाठ म्हणून दाखवणारा वर्ग त्याला नको होता. मुलं एका टेबलाभोवती बसतील, शिक्षक त्यांच्यात बसेल, आणि बुजरा किंवा मागे पडलेला मुलगाही बोलायला धजेल, असं त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्यातून बारा मुलं आणि एक शिक्षक मावतील असं लंबवर्तुळाकार टेबल आलं. आकार विचारपूर्वक निवडलेला आहे. लांबट चौकोनी टेबलाला डोकं असतं आणि तिथे बसणारा आपोआप अध्यक्ष होतो, शिवाय एका बाजूच्या मुलांना शेजारच्यांचे चेहरे दिसत नाहीत. 58 लाखांचा मोठा वाटा मात्र टेबलांवर गेला नाही. वर्ग बारांचा करायचा तर शिक्षक जास्त लागतात, खोल्या जास्त लागतात. ही पद्धत मुळातच महाग आहे, हे तिचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

याच सुमारास विद्यार्थी प्रत्यक्षात काय वाचतो याकडेही लक्ष जायला लागलं. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्सने कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रिया 1929 मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. चांगल्या घरची, चांगल्या शाळांतली मुलं, पण साधा शब्दार्थ चुकवत होती आणि ठोकळेबाज भावना कवितेवर लादत होती. नामवंत कवीचं नाव दिसलं की मान डोलवायची, ही सवय उघडी पडली. रिचर्ड्सला यातून वाचनाचे दोष दुरुस्त करायचे होते. 1938 मध्ये लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकी अभ्यासिकेने वेगळा निष्कर्ष काढला: वाचक आणि संहिता यांच्या देवाणघेवाणीतच कृती घडते, म्हणून वर्गातलं काम विद्यार्थ्याच्या प्रतिसादापासून सुरू व्हावं आणि मग तो संहितेवर घासून पाहावा. यातला दुसरा अर्धा भाग पुढे अनेकांनी सोयीने विसरून टाकला.

विद्यापीठांत आणि श्रीमंत शाळांत हे चाललेलं असताना साध्या शाळेत तास कसा चालत होता? शिक्षक प्रश्न विचारणार, विद्यार्थी उत्तर देणार, शिक्षक 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणणार. ही तीन पावलांची रीत 1970च्या दशकात अभ्यासकांनी वर्गातल्या ध्वनिफिती उतरवून काढून नीट दाखवली. त्याच दशकात मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत घड्याळ लावलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबत. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबायची, आणि न विचारलेलीही बोलायची. 1997 मध्ये मार्टिन निस्ट्रँड या अमेरिकी संशोधकांनी आठवी-नववीच्या शंभराहून अधिक इंग्रजी वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खरी मोकळी चर्चा आठवीत तासाला सरासरी 50 सेकंद, नववीत 15हूनही कमी. शिक्षकांना विचारलं असतं तर बहुतेकांनी 'आम्ही चर्चाच घेतो' असं सांगितलं असतं.

निस्ट्रँड यांनी 'खऱ्या' प्रश्नावर भर दिला, म्हणजे ज्याचं उत्तर विचारणाऱ्याकडे तयार नाही असा प्रश्न. ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या 'अँटिगनी'चं उदाहरण घेऊ. राजा क्रेऑनची मनाई मोडून अँटिगनी भावाच्या प्रेताचे संस्कार करते, आणि तो तिला गुहेत जिवंत कोंडतो. 'अँटिगनीने कोणाचा हुकूम मोडला?' याचं उत्तर दोन शब्दांत संपतं. 'तुम्ही तिच्या जागी असता तर?' हा प्रश्न मोकळा वाटतो, पण नाटक न वाचताही त्यावर तासभर बोलता येतं. आता हा पाहा: शेवटाकडे कोरस, म्हणजे नाटकातला वृंद, क्रेऑनला सांगतो, जा, आधी मुलीला गुहेतून सोडव आणि मग उघड्यावर पडलेल्या प्रेताला थडगं दे. दूत येऊन सांगतो तेव्हा कळतं की क्रेऑनने क्रम उलटा केला. आधी प्रेताचे संस्कार, मग गुहा. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. त्याने असं का केलं? देवांची भीती मोठी होती म्हणून? चूक कबूल करायला तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं म्हणून? की प्रेत वाट पाहू शकत नाही आणि जिवंत माणूस पाहू शकतो, असं त्याला वाटलं? शिक्षकाकडे याचं उत्तर नाही, आणि पानं उलटल्याशिवाय कुणालाच बोलता येत नाही. असा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणला की ती चर्चा त्याची होते. प्रश्न शिक्षकाच्या वहीतला असेल, तर खुर्च्या गोल मांडून फरक पडत नाही.

'सॉक्रेटिक सेमिनार' हे नाव शाळांत पसरलं ते मुख्यतः 1980च्या दशकात, आणि त्यामागेही ॲडलरच. 1982च्या 'पायडेया' प्रस्तावात त्याने अध्यापनाचे तीन भाग केले: माहिती सांगणं, कौशल्याचा सराव करून घेणं, आणि कल्पनांवर प्रश्नोत्तरी सेमिनार. शेवटचा भाग हुशार मुलांपुरता न ठेवता सगळ्यांना मिळावा, हा त्याचा आग्रह. त्याच काळात प्राथमिक शाळांतून दुसरा प्रवाह आला, साहित्यमंडळांचा. चार-पाच मुलांनी पुस्तक स्वतः निवडायचं, वाचायचं आणि आपसांत बोलायचं. हार्वी डॅनियल्स यांच्या 1994च्या पुस्तकाने ही रीत घरोघरी नेली, सोबत भूमिकांची पत्रकंही: एकाने प्रश्न काढायचे, एकाने लक्षवेधी उतारे निवडायचे, एकाने चित्र काढायचं. झालं असं की मुलं आपापलं पत्रक वाचून दाखवायची आणि गप्प बसायची. डॅनियल्स यांनीच 2002च्या आवृत्तीत पत्रकांचा अतिरेक नको असं बजावलं. दोन प्रवाहांतला फरक गमतीचा आहे: सेमिनारमध्ये बोलणं मोकळं पण पुस्तक दुसऱ्याने ठरवलेलं; मंडळात पुस्तक मोकळं पण बोलणं साच्यात.

पुस्तक कोण ठरवतं, हा प्रश्न फार काळ दाबून ठेवता येणारही नव्हता. हचिन्स-ॲडलर यांनी 1952 मध्ये काढलेल्या 54 खंडांच्या पाश्चात्त्य ग्रंथमालेत एकही लेखिका नव्हती. 1990च्या आवृत्तीत जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, व्हर्जिनिया वुल्फ आल्या. मधल्या काळात, 1980च्या दशकाच्या अखेरीस, स्टॅनफर्ड विद्यापीठात पाश्चात्त्य संस्कृतीचा सक्तीचा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर बदलला गेला. 'ही पुस्तकं सरळ वाचा' म्हणणाऱ्या अर्स्किनच्या वारसांना 'हीच का?' या प्रश्नाला सामोरं जावं लागलं, आणि तो प्रश्न विद्यार्थ्यांनीच विचारला होता.

आज अशा वर्गात शिक्षक बहुधा वर्तुळाबाहेर बसतो. हातात कागद, त्यावर टेबलाचं चित्र आणि भोवती मुलांची नावं. कोण कोणाला उद्देशून बोललं त्याची रेघ तो ओढत जातो. पहिल्या आठवड्यांत रेघा दोन-तीन नावांमध्येच गुंतलेल्या दिसतात, आणि काही नावांपाशी एकही पोचत नाही. कागद तासानंतर मुलांना दाखवला की पुढच्या वेळी जास्त बोलणारे स्वतःहून आवरतात, हा अनेक शिक्षकांचा अनुभव. मात्र त्याच कागदावरून गुण द्यायला सुरुवात झाली की मुलं रेघ मिळवण्यासाठी बोलू लागतात. म्हणून काही जण बोलण्याला गुणच देत नाहीत. चर्चेनंतर 'तुझं मत कोणाच्या बोलण्याने बदललं?' एवढं एक टिपण लिहून घेतात. ते टिपण गप्प बसलेल्या मुलालाही लिहिता येतं.