हिवाळ्याअखेरची बागकामे

कडाक्याची थंडी ओसरू लागल्यापासून झाडांचे डोळे फुटेपर्यंतच्या मधल्या काळात करावयाची बागेतील कामे. उत्तर गोलार्धात हा काळ साधारणपणे फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत, तर दक्षिण गोलार्धात ऑगस्टच्या सुमारास येतो. छाटणी, मातीची तयारी, आडोशाला बी पेरणे आणि सुप्त किडींचा बंदोबस्त ही त्यांतली मुख्य कामे. तारखेवर विसंबून ती करू नयेत. डोळे किती फुगले आहेत आणि मातीत ओल किती आहे, हे पाहूनच हत्यार हाती घ्यावे.

समशीतोष्ण प्रदेशातील पानझडी झाडे दिवस लहान होऊ लागताच वाढ थांबवतात आणि अन्नसाठा खोडात व मुळांत नेऊन ठेवतात. सफरचंद, नासपती, पीच यांच्या डोळ्यांना सुप्तावस्थेतून बाहेर पडण्यासाठी ठरावीक थंडी मिळावी लागते. ती साधारणपणे ० ते ७ अंश सेल्सियस तापमानाच्या तासांत मोजतात. वाणानुसार काहीशे तासांपासून हजाराहून अधिक तासांपर्यंत तिची गरज असते. ही गरज भागली की झाड फक्त उबेसाठी थांबलेले असते. म्हणूनच हिवाळ्याच्या शेवटी आलेला एखादा उबदार आठवडा धोक्याचा ठरतो: डोळे फुटतात आणि पुढच्या दहिवरात, म्हणजे गोठलेल्या दवात, करपून जातात. या काळात नत्रयुक्त खत देणे किंवा मुळांवरचे आच्छादन घाईने काढणे म्हणजे झाडाला अवेळी उठवणे.

छाटणीला हा काळ सर्वांत सोयीचा. पाने नसल्यामुळे झाडाचा सांगाडा स्पष्ट दिसतो, आणि थोड्याच दिवसांत वाढ सुरू होणार असल्याने जखमा लवकर भरून येऊ लागतात. शेंड्याच्या डोळ्यात तयार होणारे ऑक्सिन हे संजीवक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात, आणि काप ज्या डोळ्याच्या वर घेतला त्याच्या दिशेने नवी फांदी जाते. त्यामुळे काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर वर आणि किंचित तिरका घ्यावा. आधी वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. तेवढ्यानेही पुष्कळदा पुरेसा उजेड आत येतो.

जाड फांदी तीन कापांत काढतात. पहिला काप खोडापासून थोडे अंतर ठेवून खालून अर्धवट, दुसरा त्याच्या पुढे वरून. फांदीचे वजन असे आधीच उतरल्याने खोडाची साल सोलली जात नाही. तिसरा काप फांदीच्या बुडाशी दिसणाऱ्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर घेतात. हे कडे खोडाचा भाग असते आणि जखम भरून काढणारे ऊतक तेथूनच वाढते. ते कापले तर जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. अमेरिकन वृक्षरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले, की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही; त्याच्याभोवती भिंती घालून त्याला वेगळे पाडते. १९७७ मध्ये त्यांनी या प्रक्रियेची मांडणी प्रसिद्ध केली. जखमेला रंग किंवा डांबर फासण्याची जुनी पद्धत त्यानंतर मागे पडली, आणि ते योग्यच झाले.

सगळीच झाडे आता छाटायची नसतात. लायलॅक, फोर्सिथिया या फुलझुडपांच्या कळ्या गेल्या हंगामातील काड्यांवर आधीच तयार असतात. त्यांची छाटणी बहर संपल्यावरच करावी. वारंवार फुलणारे गुलाब मात्र नव्या फुटीवर फुलतात, म्हणून ते आता निर्धास्त छाटावेत. चेरी व प्लम यांना ओल्या थंडीत ताज्या जखमांतून सिल्व्हर लीफ हा बुरशीजन्य रोग जडतो, त्यामुळे त्यांची छाटणी उन्हाळ्यात, कोरड्या हवेत बरी. मेपल, बर्च, अक्रोड यांच्या कापांतून या दिवसांत भरपूर रस गळतो. तो सहसा घातक नसतो.

मातीच्या बाबतीत संयम हेच मोठे काम. वाफसा (खणण्याजोगी बेताची ओल) येण्याआधी वाफा खणला तर मातीचे कण एकमेकांत दाबले जातात, हवेची जागा संपते आणि चिकण जमिनीत हे नुकसान सबंध हंगामभर भोवते. मूठभर माती दाबून पाहावी: बोटाने टोचल्यावर गोळा फुटून भुगा झाला तर जमीन तयार आहे; तो लोण्यासारखा चेपला गेला तर आणखी थांबावे. तोवर कुजलेले कंपोस्ट ३ ते ५ सेंटिमीटर जाडीने पसरून ठेवता येते.

टोमॅटोचे बी शेवटच्या दहिवराच्या अंदाजे ६ ते ८ आठवडे आधी, तर मिरचीचे ८ ते १० आठवडे आधी घरात पेरतात. रोपे बिघडतात ती बहुधा अपुऱ्या उजेडाने. ती किडकिडीत वाढून आडवी होतात. जास्त पाणी आणि कोंदट हवा असली, की पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांमुळे ती बुडाशी कुजून कोलमडतात. बाहेर लावण्यापूर्वी त्यांना ७ ते १० दिवस रोज थोडे अधिक ऊन-वारे दाखवून काटक करतात.

मावा, कोळीकीड (माइट) व खवले कीड यांची फांद्यांवर थंडी काढणारी अंडी आणि पिल्ले बागायती तेलाच्या (झाडांवर फवारण्याच्या हलक्या तेलाच्या) फवारणीने गुदमरून मरतात. फांदी सर्व बाजूंनी भिजली तरच उपयोग होतो, आणि गोठणबिंदूजवळ फवारणी टाळावी. पीचवरील पाने मुरडण्याच्या रोगासाठी ताम्रयुक्त औषध डोळे फुगण्यापूर्वीच मारावे लागते. नंतर ते वाया जाते.

वाळलेले दांडे व पालापाचोळा झटपट साफ करण्याचा मोह आवरावा. पोकळ दांड्यांत एकांड्या मधमाश्या आणि पाल्याखाली ढालकिडे (लेडीबर्ड) थंडी काढत असतात. दुपारचे तापमान काही दिवस सलग १० अंशांच्या वर राहू लागले की सफाई सुरू करावी, आणि कापलेले दांडे लगेच न जाळता बागेच्या कडेला सैलसर रचून ठेवावेत.