पट्टी कोपऱ्यावरच का अडते?

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये कापशी आणि साधी जाड चप्पल शेजारी शेजारी टांगलेली दिसते. कापशी नाजूक, वेणीचं काम बारीक, म्हणून वेळ फार जातो. साध्या जोडाला वेळ कमी लागतो, पण चामडं जास्त. मग चप्पल बनवणाऱ्यानं आठवड्याला कुठले जोड किती करावेत? बारावीतलं लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन, याच प्रश्नापासून सुरू होतं.

समजा, कापशीच्या एका जोडाला ४ तास आणि २ फूट चामडं लागतं. साध्याला २ तास आणि ३ फूट. हाताशी १२० तास आणि १२० फूट चामडं आहे. कापशीवर नफा ३०० रुपये, साध्यावर २००. कापशीचे क्ष आणि साधे य जोड केले, तर:

४क्ष + २य ≤ १२०
२क्ष + ३य ≤ १२०

क्ष आणि य शून्याखाली जाणार नाहीत, हे उघडच आहे. आलेखावर या अटींचा एक चौकोन तयार होतो. त्याचे कोपरे (०, ०), (३०, ०), (१५, ३०) आणि (०, ४०). जमण्याजोगा प्रत्येक बेत या चौकोनात किंवा त्याच्या कडेवर असतो.

परीक्षेत मुलं कोपऱ्यांच्या किमती टाकतात, सर्वांत मोठी निवडतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. कोपरेच का, हे विचारायचं राहून जातं, आणि मला तीच या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आलेखावर फूटपट्टी ठेवा, (२०, ०) आणि (०, ३०) जोडणारी. या रेषेवर कुठेही नफा ६,००० रुपयेच. आता पट्टीचा कल न बदलता ती वर सरकवा. नफा वाढत जातो. चौकोनाच्या आतल्या बिंदूवर पट्टी थांबणं शक्यच नाही, कारण तिथून पुढे सरकायला जागा असतेच. ती चौकोनाला शेवटची टेकते (१५, ३०) या कोपऱ्यावर. नफा १०,५००.

कापशीचा नफा ३५० झाला तर? पट्टीचा कल बदलतो, पण कोपरा तोच राहतो. ४०० झाला की पट्टी अख्ख्या कडेवर टेकते. (१५, ३०) आणि (३०, ०) दोन्हीकडे १२,००० मिळतात. ४०१ झाला, की उत्तर एकदम (३०, ०) वर उडी मारतं आणि साधी चप्पल बंदच होते! एका रुपयानं अख्खा बेत पालटतो. (इथे जोड पूर्णांकात आले. अपूर्णांक आले असते तर गणित बरंच अवघड झालं असतं, कारण अर्धा जोड कोण घेणार?)

दोन वस्तूंना कागद पुरतो. ५० वस्तू आणि ५० अटी असल्या, तर कोपऱ्यांसाठी तपासायच्या जागा एकावर २९ शून्यं इतक्या होतात. सोव्हिएत गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडच्या कारखान्यासाठी असे प्रश्न मांडले होते. अमेरिकी गणिती जॉर्ज डॅन्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. ती सगळे कोपरे तपासत बसत नाही. एका कोपऱ्यावरून कडेकडेनं शेजारच्या, जास्त नफ्याच्या कोपऱ्यावर जाते. १९८४ मध्ये आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी वेगळी वाट काढली. त्यांची पद्धत कडेनं जातच नाही. ती आकृतीच्या पोटातून उत्तराकडे सरकते.