‘पाळी परत आली’ : वाक्य एकच, अर्थ दोन

गौरींच्या आदल्या दिवशी इंदूरला, रामबागेतल्या घरी, मी हे वाक्य दोनदा ऐकलं. आधी वहिनीकडून. वय ४६, सात महिने पाळी नव्हती, आणि एकदम सुरू झाली. मग पुरण वाटताना मावशी हळूच म्हणाली, "मलाही परत आलीये गं, परकराला डाग लागतात. कुणाला बोलू नको, गौरींना शिवू देणार नाहीत." मावशी ५९ वर्षांची.

वहिनीचं खरोखरच पाळीचं होतं. पाळी ‘गेली’ असं सलग १२ महिने कोरडे गेल्यावरच म्हणतात. अकराव्या महिन्यात आली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या काळात बीज कधी तयार होतं, कधी नाही, म्हणून दिवस राहू शकतात. पाळी लांबली की आधी गरोदरपणाची तपासणी करावी. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायला सांगतात. हार्मोनच्या एका रिपोर्टवर विसंबून ते सोडू नये, कारण या वयात ते आकडे सतत वरखाली होतात. गाठी पडत असतील, आठ-आठ दिवस अंगावरून जात असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर मात्र ‘वयच आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

मावशीची पाळी परत आलेली नव्हतीच. वर्ष उलटून गेल्यावर दिसलेलं रक्त, मग तो एकच गुलाबी डाग का असेना, पाळी नसते, आणि मूल होण्याची क्षमता परतल्याची खूणही नसते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: आतलं अस्तर कोरडं, पातळ झालेलं असतं किंवा आत मस्सा (पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ) असतो. पण अशा दहा बायकांपैकी साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि हा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊजणींना रक्त जाण्याची तक्रार असते. म्हणजे शरीर वेळेवर सांगतं. लवकर सापडला तर पुष्कळदा गर्भपिशवी काढून बाई बरी होते. म्हणून दुसऱ्या डागाची वाट पाहायची नाही. योनीमार्गातून सोनोग्राफी करतात. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर तुकडा तपासायला पाठवतात. पातळ असूनही रक्त पुन्हा गेलं तर पुन्हा तपासतात. पॅप चाचणी गर्भाशयाच्या मुखाची असते. ती चांगली आली म्हणून आतलं अस्तर ठीक आहे असं होत नाही.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी मावशीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अस्तर ९ मिलिमीटर निघालं, तपासणीत मस्सा सापडला, काढला, रिपोर्ट साधा आला. त्या आठ दिवसांत घरात कुणाला नीट झोप नव्हती. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "शेवटची पाळी कधी?" मावशीला साल आठवेना. नातवाच्या बारशावरून हिशेब लावला, आठ वर्षं झाली होती.

वहिनी आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीने फुली मारते.