शाळेत मरीनचा कोर्स सुरू करायचाय? निधी कुठून मिळतो, पात्रता काय, कागदपत्रं कुठली (पुण्यातल्या शाळा आणि पालकांसाठी)

पुण्याला समुद्र नाही हे खरं, पण जहाजावर जाणारी माणसं घडवायचं काम आपल्या आजूबाजूलाच चालतं. तळेगावच्या पुढे इंदोरीला तोलानी मेरिटाइम आहे, लोणी काळभोरला एमआयटीचं मॅनेट हे मरीन कॉलेज आहे, देशभरातली पोरं तिथे शिकायला येतात, आणि त्याच रस्त्यावरच्या मराठी शाळेतल्या पोराला मात्र बारावी झाल्यावर कुणीतरी सांगतं की अरे मर्चंट नेव्ही म्हणून काहीतरी असतं, तोपर्यंत त्याने अकरावीला मॅथ्स सोडून दिलेलं असतं. त्यात आता डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय, केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ७६,२२० कोटींचा प्रोजेक्ट, त्यात जेएनपीएचा (म्हणजे न्हावा शेवाचं बंदर चालवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा) वाटा ७४ टक्के आणि आपल्या महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा २६ टक्के. म्हणजे बंदरासाठी केंद्र आणि राज्य एकत्र पैसा घालतायत. शाळेतही तसंच एकत्र पैसा घालून नववी ते बारावीचा मरीन प्रोग्राम उभा करता येतो, पण कुणाकडे जायचं आणि काय काय जोडायचं हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येक हेडमास्तरांना सांगतो. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा शेवटाकडून सुरुवात करा. पोराला शेवटी जिथे अर्ज करायचाय तिथली पात्रता समोर ठेवा आणि मग नववीत काय शिकवायचं ते ठरवा. नाहीतर होतं काय, तर भिंतीवर जहाजाची चित्रं लागतात, पोरांना छान पांढरा युनिफॉर्म मिळतो, आणि बारावीनंतर निम्मी पोरं फॉर्मच भरू शकत नाहीत.

शेवटी काय लागतं

ऑफिसर व्हायचं तर मुख्य रस्ता इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा, म्हणजे आयएमयूचा. ही २००८ च्या कायद्याने झालेली सेंट्रल युनिव्हर्सिटी, हेड ऑफिस चेन्नईला, आणि मुंबई पोर्ट आणि नवी मुंबई असे दोन कॅम्पस आपल्या हाताशी. नवी मुंबईचा म्हणजे जुनं टीएस चाणक्य, ज्याची परंपरा १९२७ च्या डफरिन जहाजापर्यंत जाते. प्रवेश आयएमयू सीईटीवर, २०० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, ३ तास, कॉम्प्युटरवर. युनिव्हर्सिटीला जोडलेल्या प्रायव्हेट कॉलेजांनाही हीच सीईटी लागते, त्यामुळे पैसे भरून सीईटी टाळता येईल असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा.

बी.टेक. मरीन इंजिनिअरिंग असो, बी.एस्सी. नॉटिकल सायन्स असो किंवा एक वर्षाचा डीएनएस म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा असो, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सची सरासरी किमान ६० टक्के आणि इंग्रजीत दहावी किंवा बारावीला किमान ५० टक्के. वय जास्तीत जास्त २५, मुलींना त्यात २ वर्षांची सवलत. एससी-एसटीला पीसीएममध्ये ५ टक्क्यांची सवलत आहे पण इंग्रजीत कुणालाच सवलत नाही, आणि आपल्याकडची हुशार पोरं नेमकी इथेच अडकतात, पीसीएमला ७५ आणि इंग्रजीला ४६. पेपरही पूर्ण इंग्रजीत असतो. म्हणून मराठी माध्यमाच्या शाळेत मरीन प्रोग्राम म्हणजे सगळ्यात आधी इंग्रजीचा प्रोग्राम, हे माझं ठाम मत आहे, निधीतला पहिला रुपया इंग्रजीच्या जादा तासांवर खर्च करा.

दहावीवरून जायचं तर जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी होण्याचा कोर्स, ६ महिन्यांचा, निवासी. दहावीला एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही ४०, शिवाय सायन्स आणि मॅथ्स विषय घेतलेले हवेत, वय साडेसतरा ते २५. ठराविक ट्रेडचा २ वर्षांचा आयटीआय केलेल्यांनाही चालतो. दहावी होते पंधरा-सोळाव्या वर्षी, मग मधली दीड-दोन वर्षं पोरगं काय करणार, तर माझ्या मते सायन्सला अकरावी-बारावी करावी नाहीतर आयटीआय, घरी बसवू नये.

आणि डोळे. हे सगळ्यात महत्त्वाचं. रंगांधळेपणा असेल तर डेक (जहाज चालवणारी बाजू) नाही आणि इंजिनही (मशिनरी सांभाळणारी बाजू) नाही, दोन्ही बंद. डेकला चष्मा चालत नाही, इंजिनला ठराविक नंबरपर्यंत चालतो. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातली इशिहारा टेस्ट कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर दहा मिनिटांत करतो, तर प्रोग्राममध्ये नाव घेण्याआधी, म्हणजे नववीतच, ती करून घ्या. प्रवेशाच्या वेळी डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्राचं कार्यालय) यादीतल्या डॉक्टरकडूनच मेडिकल लागतं, ते वेगळं, पण पोराने चार वर्षं स्वप्न बघितल्यावर बारावीला हे कळणं फार वाईट असतं हो, घरचं वातावरण बिघडून जातं.

पहिली पिशवी : समग्र शिक्षा

नववी ते बारावी व्यवसाय शिक्षणाचा पैसा समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येतो, आपल्या राज्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४०. सरकारी, झेडपीच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा यात बसतात, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित बसत नाहीत, त्यांनी थेट पुढचा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा भाग वाचावा.

इथे एक नीट समजून घ्या, समग्रमध्ये शाळा स्वतःच्या मनाने विषय तयार करून देऊ शकत नाही, मंजूर यादीतला सेक्टर आणि त्यातला जॉब रोलच घ्यावा लागतो, त्याचा अभ्यासक्रम भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेकडून येतो. म्हणून प्रस्तावात 'मर्चंट नेव्ही कोर्स' असं लिहिलंत तर तो टेबलावरच पडून राहील. यादी मागवा, आपल्या कामाला जवळचा सेक्टर बघा, मालवाहतूक किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा काही, तो घ्या, आणि जहाजाचा भाग गेस्ट लेक्चर आणि क्षेत्रभेटीतून आणा, या दोन्हीसाठी योजनेत सोय असते.

मार्ग असा की शाळेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे, महापालिकेची शाळा असेल तर पालिकेच्या शिक्षण विभागामार्फत, तिथून जिल्ह्याच्या आराखड्यात, मग मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि राज्याचा वार्षिक आराखडा दिल्लीच्या मंजुरी मंडळापुढे. मंजुरी वर्षाची असते, त्यामुळे पुढच्या जूनला सुरू करायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच कामाला लागा, मार्चमध्ये जाऊन काही उपयोग नाही, तोपर्यंत आराखडा पुढे गेलेला असतो.

सोबत जोडायला यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, आणि त्यातली चालू माहिती (खोल्या, लॅब, वीज, मुलामुलींची संख्या, सगळं अपडेट हवं, कारण वर बसलेला माणूस तुमची शाळा त्याच आकड्यांतून बघतो), शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मान्यता आणि अनुदानाचे आदेश, प्रॅक्टिकलसाठी रिकामी खोली असल्याचं हेडमास्तरांचं पत्र फोटोसकट, आणि किती मुलं इच्छुक आहेत त्याची पालकांच्या सहीची यादी. ही शेवटची यादी बरेच जण जोडत नाहीत, पण मागणी खरी आहे हे त्याच कागदावरून दिसतं.

दुसरी पिशवी : कंपन्यांचा सीएसआर

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल, तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवड हा सगळा पट्टा अशा कंपन्यांनी भरलेला आहे, आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचा माल जेएनपीए बंदरातूनच बाहेर जातो, म्हणजे बंदर आणि जहाज हा त्यांच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे, पत्रात तसं लिहायला लाजू नका. भारतीय शिपिंग कंपन्यांपैकी ज्या टनेज टॅक्स (नफ्याऐवजी जहाजाच्या टनावर ठरणारा कर) घेतात त्यांच्यावर कायद्यानेच ट्रेनी ऑफिसर घडवायची जबाबदारी असते, त्यामुळे अशी कंपनी पैसे देवो न देवो, निदान एखादा रिटायर्ड कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर बोलायला पाठवू शकते.

पैसे शाळेच्या संस्थेच्या नावाने येतात. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन, इन्कम टॅक्सची १२ए आणि ८०जी ही करसवलतीची नोंदणी, सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर, ३ वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब आणि विश्वस्तांचा ठराव हे सगळं लागतं. सीएसआर-१ नंबर नसेल तर कंपनीची इच्छा असूनही त्यांना देता येत नाही, म्हणून पत्र पाठवायच्या आधी तो काढून ठेवा, सीएला सांगितलं की तो ऑनलाइन भरून देतो. बजेटमध्ये ओळी स्पष्ट ठेवा. इंग्रजी आणि मॅथ्सचे जादा तास, डोळे तपासणी, पोहणं शिकवायची फी, न्हावा शेवाला बंदर बघायला नेण्याचा बसखर्च (बंदरात शिरायला आधी लेखी परवानगी लागते, मुलांची नावं आणि आयडी द्यावे लागतात), कॉम्प्युटर. आणि वर्ष संपलं की खर्चाचं प्रमाणपत्र कंपनीने मागायच्या आधी पाठवा, दुसऱ्या वर्षाचा चेक बहुतेक वेळा त्यावरच ठरतो.

दोन्ही पिशव्या एका शाळेला चालतात, फक्त एकाच वस्तूचं बिल दोन्हीकडे लावायचं नाही, खाती वेगळी ठेवा.

जवळच्या मरीन कॉलेजशी एमओयू म्हणजे लेखी करार करणार असाल तर त्यात त्यांनी नक्की काय द्यायचं ते लिहून घ्या, वर्षाला किती लेक्चर, वर्कशॉप किती दिवस. 'सहकार्य करू' एवढंच लिहिलेला कागद कुणाच्याच कामाचा नाही. पुण्यात एनसीसीचं नेव्हल युनिट आहे, तिथे शाळेला ज्युनिअर कॅडेटची जागा मिळते का तेही विचारा, तो खर्च तर सरकारी योजनेतूनच होतो.

पोरांची कागदपत्रं, ही नववीपासूनच

नाव सगळीकडे एकसारखं हवं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आधारवर कधी नुसतं नाव-आडनाव, कधी स्पेलिंगच वेगळं. पुढे पासपोर्ट, आयएमयूचा फॉर्म, डीजी शिपिंगचा इंडॉस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक) आणि सीडीसी (खलाशाचं ओळख आणि नोंदीचं पुस्तक), सगळं एकमेकांशी ताडून बघतात. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरला जातो तीच दुरुस्तीची खरी वेळ, शाळेच्या जनरल रजिस्टरला जे आहे तेच पुढे जातं, म्हणून वर्गशिक्षकांनी नववीतच प्रत्येकाचं रजिस्टर, जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून बघावं.

पासपोर्ट दहावी झाल्यावर काढा, मार्कशीट जोडली की ईसीआरचा (काही देशांत नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागेल असा) शिक्का लागत नाही. पुण्यात मुंढव्याचं सेवा केंद्र आहे. १५ ते १८ वयाच्या मुलांना १० वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, १५०० रुपये, तोच घ्या, कारण अठरापर्यंतचा घेतला तर ऐन प्रवेशाच्या वर्षी संपतो.

जातीच्या दाखल्याबाबत फार गोंधळ होतो म्हणून नीट सांगतो. आयएमयू सेंट्रल आहे, तिथे केंद्राच्या यादीप्रमाणे आरक्षण चालतं, ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअरचा दाखला लागतो, राज्याच्या कॉलेजसाठी काढलेला तसाच चालेल असं धरू नका. राज्याचं एसईबीसी तिथे लागू नाही, पण घरचं उत्पन्न आणि मालमत्ता निकषात असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला तहसीलदारांकडून मिळतो आणि तो त्या आर्थिक वर्षाचाच लागतो. म्हणून एप्रिल उजाडला की लगेच सेतूत अर्ज टाका, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.

फीसाठी, आयएमयूच्या स्वतःच्या कॅम्पसला पीएम विद्यालक्ष्मीचं कर्ज बसतं. तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत ७५ टक्के सरकारी हमी, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी स्कॉलरशिप नसेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला शिकत असतानाच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. एससीच्या मुलांनी अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपही प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्यावी. राज्याच्या कॅप राउंडमधून मिळणारी फीमाफी मात्र इथे धरून चालू नका, आयएमयूचा प्रवेश कॅपमधून होत नाही.

आणि पालकांनो, दहावी पास, ट्रेनिंग नको, थेट सीडीसी आणि जॉब, अशी जाहिरात दिसली की फोनसुद्धा करू नका. जहाजावर माणसं भरणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स लागतं आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला २०१६ च्या नियमांनी बंदी आहे. लायसन्सवाल्या कंपन्यांची आणि मान्य कोर्सची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर असते, शाळेने ती दरवर्षी जूनमध्ये प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावावी आणि पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावी.