डोळ्यातली गाठ गेली, पहिला घाव राहिला

बाळाचा डोळा काढला किंवा केमोची सहा सत्रं झाली, की फाइल बंद, असं अनेक घरांत समजलं जातं. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, बहुधा पाच वर्षांच्या आत. वेळेत सापडला तर शंभरातली ९५ हून जास्त मुलं वाचतात. पण फाइल सगळ्यांची बंद होत नाही. कोणाची होते, हे एका जनुकावर ठरतं.

ते जनुक म्हणजे १३व्या गुणसूत्रावरचं आरबी१. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. त्याचं प्रथिन ई२एफ नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतं. ते सुटलं की पेशी डीएनएची नक्कल करून विभागू लागते. एक प्रत बिघडली तर दुसरी भागवून नेते. दोन्ही गेल्या की ब्रेक निकामी.

१९७१ साली आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ रुग्णांची वयं घेऊन, कोणत्या वयापर्यंत किती जणांचं निदान व्हायचं बाकी होतं, याचा आलेख लॉगरिदमी मापावर काढला. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्यांचा आलेख सरळ रेषेत उतरला, एका डोळ्यातल्यांचा वळण घेऊन. सरळ रेषा म्हणजे एकच घाव, म्हणजे एका प्रतीचा बिघाड, पुरतो, कारण पहिला जन्मतःच बसलेला आहे. वळण म्हणजे दोन्ही घाव एकाच पेशीवर एकामागून एक बसावे लागतात. जनुक हाती लागलं १९८६ साली. त्याची चाल मात्र नुसत्या वयांवरून पंधरा वर्षं आधीच ओळखली गेली होती!

दोन्ही डोळ्यांत रोग असलेली जवळजवळ सगळी आणि एका डोळ्यातली सुमारे १५ टक्के मुलं हा पहिला घाव अंगभर घेऊन येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घराण्यात हा आजार आधी नसतो. आईनं ग्रहणात काही चिरलं किंवा कोणाची दृष्ट लागली, याचा इथे काडीचाही संबंध नाही. आणि तिरळेपणा भाग्याचा म्हणून वाट पाहणं तर घातक आहे: बाहुलीतल्या पांढऱ्या चमकेखालोखाल तेच या रोगाचं नेहमीचं लक्षण.

अंगभर म्हणजे हाडांत आणि स्नायूंतही. म्हणून पूर्वी बाहेरून दिलेलं रेडिएशन या मुलांना महागात पडलं. किरणं वाटेतल्या पेशींना दुसरा घाव देत. अमेरिकेतल्या दीर्घ पाठपुराव्यात ५० वर्षांत दुसरा कर्करोग होण्याचं प्रमाण आनुवंशिक प्रकारात ३६ टक्के आढळलं, इतरांत सुमारे ६. आनुवंशिक गटात रेडिएशन घेतलेल्यांत ते ३८ टक्के, न घेतलेल्यांतही २१.

आज म्हणून कार्बोप्लॅटिन, एटोपोसाइड, व्हिन्क्रिस्टिन ही केमो, लेसर, किंवा नेत्रधमनीत बारीक नळीनं थेट सोडलेलं मेल्फालान हे औषध. लहान गाठीसाठी डोळ्याच्या भिंतीवर बाहेरून शिवलेली, रुथेनियम-१०६ या किरणोत्सारी धातूची चकती. तिचे बीटा कण काही मिलिमीटरच शिरतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं ती भारतात बनवली आहे. कार्बोप्लॅटिननं ऐकू येणं कमी होऊ शकतं, म्हणून नंतर कान तपासत राहावे लागतात.

डोळा काढायचाच असेल तर दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस, शक्य तितकी लांब, १५ मिलिमीटरच्या आसपास, कापतात, कारण रोग मेंदूकडे त्याच वाटेनं जातो. तपासणीसाठी गाठीत सुई घालायची नाही. छिद्रातून पेशी डोळ्याबाहेर पसरतात. काढलेल्या गाठीचा ताजा तुकडा जनुकचाचणीसाठी राखून ठेवायला सांगा. त्यात कोणते दोन घाव आहेत हे कळलं, तरच त्यांपैकी एखादा रक्तातही आहे का, हे नेमकं शोधता येतं.

रक्तात सापडला, तर पुढे स्कॅन शक्यतो किरणं वापरणाऱ्या सीटीऐवजी एमआरआय. किशोरवयात गुडघा किंवा मांडी आठवडाभर दुखली, सुजली, तर मुका मार म्हणून सोडायचं नाही, तो हाडातला दुसरा कर्करोग असू शकतो. अशा व्यक्तीच्या प्रत्येक बाळाला हा घाव मिळण्याची शक्यता निम्मी. त्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर, मग पहिले दोन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, बाहुल्या पूर्ण फुलवून तपासतात. त्या वेळी दिसणारी गाठ अनेकदा दोनेक मिलिमीटरची असते, आणि ती लेसरनं जाते.