जुन्या ऑडिओ व्हॉल्व्हचे भाव असे वेडेवाकडे का

१२एएक्स७ म्हणा नाहीतर ईसीसी८३ म्हणा, व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची ती काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) तोच, पहिला नंबर अमेरिकन आणि दुसरा युरोपियन. सॉकेट एकच, काम एकच, तरी जुन्या मालात एका कंपनीच्या व्हॉल्व्हचा भाव दुसरीच्या दहापट. मग नव्या माणसाला वाटतं की आवाजही दहापट चांगला असणार. तसं काही नसतं, थोडाफार फरक असतो आणि त्यावर भांडणं चालूच राहतील, पण भाव ठरतो तो माल किती उरलाय आणि त्याच्यामागे कोण लागलंय यावर.

१९४७ साली बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत रेडिओ, टीव्ही सगळं तिकडे वळलं, युरोप-अमेरिकेतल्या व्हॉल्व्हच्या फॅक्टऱ्या एकेक करत बंद पडल्या. मागे राहिला तो गोदामांतला स्पेअरचा माल, रिपेअरवाल्यांचा आणि लष्कराचा. आता टीव्हीत लागणारे कितीतरी व्हॉल्व्ह आजही स्वस्तात मिळतात कारण ढिगाने उरलेत आणि त्यांच्यावर अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) फारसं कोणी बनवत नाही. ईसीसी८८ पण टीव्हीच्या ट्यूनरसाठीच आला होता, पण प्रीअँप म्हणजे मुख्य अँपच्या आधीचा टप्पा बनवणाऱ्यांनी तो उचलला आणि त्याचं नशीबच फळफळलं.

वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हे तर टोकाचं उदाहरण. १९३८ चा व्हॉल्व्ह, कंपनीचा मुख्य धंदा टेलिफोन आणि थिएटरच्या मशिनरीचा, त्यामुळे तो घरोघरी कधी पोचलाच नाही. पुढे जपानी शौकिनांनी अमेरिकेतली जुनी थिएटरची सामग्री विकत घ्यायला सुरुवात केली, आधीच थोडा माल, तोही समुद्रापार गेला, मग भाव चढणारच ना.

नावाचा घोळ वेगळाच. कंपन्या सर्रास एकमेकींकडून व्हॉल्व्ह घेऊन आपला शिक्का मारायच्या, म्हणून काचेवरचं रंगीत नाव (जे अंगठ्याने घासलं तरी कधीकधी निघून येतं) बघून जाणकार भाव करत नाही. तो व्हॉल्व्ह उलटा करून बघतो, जर्मन टेलिफुंकनचा असला तर पिनांच्या मधोमध काचेतच ओतलेली, पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण सापडते. ब्रिटिश मुलार्ड किंवा फिलिप्सचा असेल तर खाली काचेवर बारीक करड्या अक्षरांत कोड, समजा बी२डी३, म्हणजे इंग्लंडमधली मुलार्डची ब्लॅकबर्नची फॅक्टरी, २ ने संपणारं वर्ष, एप्रिल महिना, तिसरा आठवडा. दशक कुठलं ते आतल्या प्लेटा बघून ओळखायचं. त्यात परत मीटरवर तपासलेला, एकाच काचेतले दोन्ही भाग सारखे भरलेला आणि खरोखर न वापरलेला असेल तर भाव आणखी वर.

रशियन मालाची गोष्ट उलटी. १९७६ मध्ये बेलेंको नावाचा सोव्हिएत पायलट मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदातेला उतरला, विमान उघडलं तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये चक्क व्हॉल्व्ह! लष्करासाठी तिकडे उत्पादन जोरात चालू होतं, म्हणून सोव्हिएत युनियन फुटल्यावर चांगला दणकट माल कवडीमोलाने बाहेर आला. रशियातली सारातोवची व्हॉल्व्हची फॅक्टरी पुढे अमेरिकन मालकीत गेली आणि तिथले नवे व्हॉल्व्ह मुलार्ड, टंग-सोल अशा जुन्या नावांनी विकले जातात, त्यामुळे नुसतं मुलार्ड वाचून ब्लॅकबर्नचा भाव देऊ नका. आणि हा स्वस्त पर्यायही कायमचा नव्हता, २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा कालपर्यंत सहज मिळणारे चालू उत्पादनातले व्हॉल्व्हसुद्धा एकदम महाग झाले.